डॉ. सोन्थायमर : धर्मशास्त्राकडून लोकधर्माकडे

लिखित ग्रंथाला प्रमाण मानावे आणि मौखिक परंपरेला त्याचे अपभ्रष्ट रूप समजावे, ही दृष्टी भारतीय धर्माच्या अभ्यासात दीर्घकाळ रूढ होती. महाराष्ट्राच्या संदर्भात तिला छेद देणाऱ्या संशोधकांत डॉ. गुंथर-डीट्झ सोन्थायमर (१९३४–१९९२) यांचे स्थान अग्रगण्य आहे. ते स्वतः ग्रंथप्रामाण्याच्या क्षेत्रातून, म्हणजे कायद्याच्या अभ्यासातून आले होते, हे विशेष होय.

जर्मनीतील उल्म येथे जन्मलेल्या सोन्थायमर यांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि हिंदू कायद्याच्या जिज्ञासेने ते पुण्यास आले. एकत्र कुटुंबसंस्थेच्या कायदेशीर विकासावरील त्यांचा ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. धर्मशास्त्राने लोकाचाराला मान्यता दिली असली, तरी तो आचार जगणारा समाज ग्रंथात क्वचितच बोलतो. त्याचा आवाज ऐकण्यासाठी ते धनगरवाड्यांवर गेले आणि तेथील ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेतील अध्यापनासोबत हे क्षेत्रकार्य चालू राहिले.

बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये आला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९८९ मध्ये झाले. रान आणि वस्ती, पशुपालक आणि कृषक यांच्या परस्परसंबंधांतून या दैवतांची चरित्रे घडली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. खंडोबाची म्हाळसा वाण्याची, तर बाणाई धनगराची. या दोन विवाहांत दोन समाजांचे नाते साकारते.

धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग-अणदूरची परंपरा या दृष्टीने अभ्यसनीय ठरते. तेथे खंडोबाची एकच मूर्ती दोन्ही गावांतील मंदिरांत आळीपाळीने वास्तव्य करते आणि त्यासाठी उभय गावांत लेखी करार होतो. येथे लेख लोकाचाराला वळण लावत नाही. लोकाचारच लेखाला जन्म देतो.

हिंदू धर्माची पाच अंगे मांडताना सोन्थायमर यांनी ब्राह्मणी परंपरा, संन्यास आणि भक्ती यांच्या बरोबरीने लोकधर्म व आदिवासी धर्म यांना स्थान दिले. हा निबंध १९८९ मधील आहे. त्यांनी मुद्रित केलेली बिरोबा व धुळोबा यांची आख्याने अॅन फेल्डहाउस यांनी सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये इंग्रजीत आणली. मराठी वाङ्मयेतिहासाने ओवीगायकाला केवळ माहितीचा स्रोत न मानता रचनाकार मानावे, ही अपेक्षा या कार्यातून उभी राहते.