स्पार्क प्लग कधी बदलायचा? त्याआधी रॉबर्ट बॉश यांना भेटूया

आमचं घर अलिबागजवळ नागावला, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. दारात बाबांची बारा वर्षं जुनी पेट्रोल कार उभी असते. मी नोकरीसाठी पुण्यात, त्यामुळे गाडी फक्त बाजारापुरती निघते. मीटरवर जेमतेम २६,००० किलोमीटर. गेल्या पावसाळ्यात एका रात्री आईला पनवेलला हॉस्पिटलमध्ये नेत होतो आणि कार्लेखिंडीच्या चढावर इंजिन धक्के खायला लागलं. कसेबसे पोचलो. आई बरी झाली, पण ते वीस मिनिटं मी विसरलेलो नाही. प्लग ४०,००० किलोमीटरला बदलायचे असं मॅन्युअलमध्ये होतं, म्हणून मी ते कधी उघडूनच बघितले नव्हते.

नंतर स्पार्क प्लगबद्दल वाचत बसलो आणि रॉबर्ट बॉश यांच्यापर्यंत पोचलो. हे नाव तुम्ही ड्रिल मशीनवर नक्की पाहिलं असेल.

बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ चा, जर्मनीतल्या उल्म शहराजवळच्या आल्बेक गावातला. वडील शेतकरी आणि खानावळवाले, बारा भावंडांत यांचा नंबर अकरावा. बारीक यंत्रकाम शिकून ते अमेरिकेत गेले, तिथे एडिसन यांच्या कंपनीत काम केलं, मग इंग्लंडमध्ये सीमेन्सकडे. १५ नोव्हेंबर १८८६ ला, पंचविसाव्या वर्षी, त्यांनी स्टुटगार्टमध्ये वर्कशॉप उघडलं. स्टाफ किती? एक कारागीर आणि एक पोऱ्या. आजच्या भाषेत अगदी स्टार्टअप! पैशांची ओढाताण बरीच वर्षं चालली. गिऱ्हाइकांकडे ते सायकलवर जायचे.

१८८७ मध्ये एका गिऱ्हाइकाने एका जागी बसवलेल्या इंजिनासाठी मॅग्नेटो मागितला. मॅग्नेटो म्हणजे चुंबकाच्या जोरावर ठिणगीसाठी वीज तयार करणारं यंत्र, बॅटरीशिवाय. बॉश यांनी तो बनवून दिला. तेव्हा मोटारगाडीची सगळ्यात मोठी डोकेदुखी पेट्रोल पेटवणं हीच होती. काही गाड्यांमध्ये तर ज्योतीवर तापवलेली नळी वापरायचे, म्हणजे आगीला आमंत्रणच! १८९७ मध्ये बॉश यांच्या वर्कशॉपने मॅग्नेटो सुधारून वेगवान इंजिनाच्या एका तीनचाकीवर बसवला आणि तो चालला.

तरीही सिलिंडरच्या आतले हलणारे भाग त्रास द्यायचे. मग गॉटलोब होनोल्ड हा इंजिनियर आला. आधी तो बॉश यांच्याकडेच शिकाऊ होता. १९०२ मध्ये त्याने जास्त दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याला जोडणारा स्पार्क प्लग तयार केला. आता आत हलणारं काहीच नाही. दोन टोकं, मधे छोटी फट, त्या फटीतून ठिणगी. आपल्या गाडीतला प्लग आजही याच तत्त्वावर चालतो.

पैसा आल्यावर बॉश यांनी १९०६ मध्ये कामगारांसाठी आठ तासांचा दिवस लागू केला. आपल्या मालात कोणी तपासून खोट काढावी हे त्यांना सहनच व्हायचं नाही, म्हणून माल बाहेर पडण्याआधीच तपासण्यावर त्यांचा भर असायचा. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या कारखान्यांत सक्तीने आणलेले मजूर राबले, हा डागही इतिहासात आहे. त्याच काळात त्यांनी हिटलरविरोधी लोकांना मदतही केली. १२ मार्च १९४२ ला ते गेले. आज कंपनीचे बहुतेक शेअर्स त्यांच्या नावाच्या धर्मादाय संस्थेकडे आहेत. भारतात १९५१ मध्ये मायको कंपनी सुरू झाली, तीच आजची बॉश लिमिटेड. जुन्या मेकॅनिकना मायकोचे प्लग चांगले आठवतात.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. प्रत्येक ठिणगीबरोबर टोकं थोडी झिजतात, फट वाढते आणि कॉइलवर ताण येतो. ही झीज किलोमीटरप्रमाणे होते. पण प्लगला स्वतःवरची काजळी जाळायला साधारण ४५०-५०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. घर ते बाजार एवढ्या फेरीत तो तेवढा तापतच नाही, मग काजळी साठत जाते. त्यात आपली खारी हवा. प्लगचं धातूचं कवच गंजतं आणि आटे इंजिनात धरून बसतात. मीटरला यातलं काहीच कळत नाही.

म्हणून गाडी कमी चालत असेल तर किलोमीटर आणि वर्षं, जे आधी भरेल ते धरा. वर्षांची मुदत तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. मधे वर्षातून एकदा, इंजिन पूर्ण थंड असताना, प्लग काढून बघायला सांगा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर छोट्या फेऱ्या किंवा जास्त पेट्रोल हे कारण असू शकतं. तेलकट ओलं असेल तर इंजिन दाखवा. फट वाढली असेल, चिनी मातीला तडा असेल किंवा गंज असेल, तर मीटर काहीही म्हणो, सगळे प्लग एकदमच बदला.

आमच्या गाडीचे चारही प्लग काळे निघाले, एक तर आट्यांत अडकलेला. नवीन बसवले. आता दर रविवारी बाबा गाडी रेवदंड्यापर्यंत नेऊन आणतात, आणि गणपतीला घरी गेलो की प्लग उघडून बघायचं काम माझ्याकडे.