पवित्र शब्दांचे सेवक : फादर थॉमस स्टीफन्स

मिस्सा, बाप्तिस्मा, क्रूस, नाताळ हे शब्द आपण बालपणापासून ऐकत आलों आहों. त्यांच्याच शेजारीं परमेश्वर, स्वर्ग, मुक्ति हे या भूमीचे शब्द आपल्या प्रार्थनेंत सुखानें नांदतात. श्रद्धेची कोणती गोष्ट परक्या नांवानें सांगावी व कोणती आपल्या, हा प्रश्न आज सोपा वाटतो. परंतु चारशें वर्षांपूर्वीं त्याचा भार ज्यांनीं आपल्या शिरावर घेतला, त्यांत फादर थॉमस स्टीफन्स यांचें नांव अग्रभागीं आहे.

त्यांचा जन्म इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत सुमारें १५४९ सालीं झाला. त्या काळीं तेथें कॅथलिक धर्म उघडपणें पाळणें कठीण झालें होतें. म्हणून स्वदेश सोडून ते रोम येथें गेले व १५७५ सालीं येशूसंघांत दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून गलबतानें निघून ते २४ ऑक्टोबरास गोव्यास पोहोंचले. पुढील चाळीस वर्षें त्यांनीं मुख्यतः गोव्याच्या साष्टी प्रांतांत सेवा केली. मायभूमीचें दर्शन त्यांस पुन्हां घडलें नाहीं.

तो काळ शांततेचा नव्हता. देवळें पाडलीं गेल्यामुळें लोकांच्या मनांत रोष धुमसत होता. १५८३ सालीं कुंकळ्ळी येथें फादर रुदोल्फो आक्वाव्हिव्हा व त्यांचे चार येशूसंघीय सहकारी मारले गेले. त्यांचे देह मिळवून दफन करण्याच्या दुःखद कामीं फादर स्टीफन्स यांनीं पुढाकार घेतला. त्याच वर्षीं आपल्या बंधूस लिहिलेल्या पत्रांत, येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी असल्याचें त्यांनीं नमूद केलें. अशा कटु दिवसांतही या लोकांच्या वाणीकडे ते आदरानें पाहत होते, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

नवख्रिस्ती लोकांची जुनीं पुराणें सुटलीं होतीं व त्यांच्या जागीं कांहींच मिळालें नव्हतें. ही उणीव भरून काढण्यासाठीं फादरांनीं सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचिलें. सामान्य जनांस कळावें म्हणून मराठींत त्यांनीं कोंकणी शब्दही मिसळले. मराठी अक्षरांचे खिळे पाडावे अशी विनंति त्यांनीं १६०८ सालीं रोमला केली. ती फळास आली नाहीं. अखेर १६१६ सालीं राचोल येथें तो ग्रंथ रोमन लिपींत छापला गेला.

त्यांतील शब्दयोजना पाहिली म्हणजे त्यांचा विवेक कळतो. परमेश्वर हा शब्द त्यांनीं निःशंकपणें घेतला. वैकुंठ हें विष्णूच्या निवासस्थानाचें नांव. तेंही त्यांनीं ख्रिस्ती स्वर्गासाठीं योजिलें. पण पवित्र आत्म्यास त्यांनीं स्पिरितु सांतु असेंच म्हटलें. तेथें जुन्या अर्थाची छाया पडूं नये, अशी काळजी त्यांत दिसते. परके शब्दही अर्थहीन नसतात. ख्रिस्त म्हणजे ग्रीक भाषेंत अभिषिक्त. हिब्रू मशिहा या शब्दाचें तें भाषांतर होय. बाप्तिस्मा म्हणजे पाण्यांत बुडविणें. मिस्सा या लॅटिन शब्दाच्या मुळाशीं पाठवणी आहे, आणि पाद्री म्हणजे बाप.

फादर स्टीफन्स १६१९ सालीं देवाघरीं गेले. त्यांची कोंकणी प्रश्नोत्तरी १६२२ सालीं आणि कोंकणीचें व्याकरण १६४० सालीं छापलें गेलें. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें देशी भाषेविरुद्ध फर्मान काढलें. तरीही श्रद्धाळू कुटुंबांनीं ख्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रती जपल्या. अशाच प्रतींच्या आधारें १९०७ सालीं मंगळूर येथें त्याची नवी आवृत्ति निघाली.

सत्तेचें फर्मान विरून गेलें, ओवी मात्र उरली. या महोत्सवाच्या प्रसंगीं आपण दिवंगत पाद्र्यांचें व वाडवडिलांचें स्मरण करतों. त्यांच्यासमवेत या परदेशी सेवकाचेंही स्मरण करूं या, आणि आपल्या मुलांस प्रार्थना शिकवितांना तिच्यांतील शब्दांचा अर्थही शिकवूं या. देव आपली वाणी पवित्र राखो.