दंतवैद्यकाचे जनक पिएर फोशार

पॅरिसमधील सेन नदीवरचा पाँ नफ हा पूल १८ व्या शतकाच्या पूर्वार्धात दात उपटणाऱ्यांचा अड्डा होता. भडक पोशाख, ढोल-तुताऱ्या आणि भोवती बघ्यांची गर्दी, असा त्यांचा थाट असे. ग्रां तोमा या नावाने प्रसिद्ध असलेला धिप्पाड दातकाढ्या तर पॅरिसच्या प्रेक्षणीय गोष्टींपैकी एक मानला जाई. या मंडळींतील काही जण गर्दीत आपलाच माणूस रोगी म्हणून उभा करीत. पातळ पापुद्र्यात थोडे कोंबडीचे रक्त आणि एक दात गुंडाळून ती पुडी आधीच हातात लपवलेली असे. तोंडात हात घालताच ती आत सरकवायची, रोग्याने रक्त थुंकायचे आणि 'वैद्या'ने दात उंच धरून दाखवायचा. वेदनेविना दात निघाल्याचे पाहून खरे रोगी पुढे येत आणि मग त्यांचा जबडा व खिसा दोन्ही सैल होत. ही लबाडी तपशिलासह छापून उघड करणारे शल्यवैद्य म्हणजे पिएर फोशार.

फोशार यांचा जन्म १६७८ च्या सुमारास पश्चिम फ्रान्समध्ये झाला. घरची परिस्थिती बेताची होती. १६९३ मध्ये, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, ते फ्रान्सच्या शाही आरमारात दाखल झाले. तेथील शल्यवैद्य अलेक्सांद्र पोतलरे यांनी दात व तोंडाच्या रोगांचा विशेष अभ्यास केलेला होता. त्यांच्या हाताखाली फोशार यांचे शिक्षण झाले. लांबच्या सागरी प्रवासात ताजी फळे व भाजीपाला न मिळाल्याने खलाशांना स्कर्व्ही जडत असे. हिरड्या सुजून स्पंजासारख्या मऊ होत, त्यांतून रक्त वाहे, तोंडाला दुर्गंधी सुटे आणि अखेर धडधाकट दिसणारे दातही हलू लागत. क जीवनसत्त्वाचा अभाव हे त्याचे कारण समजण्यास विसावे शतक उजाडावे लागले. पण दाताचे आरोग्य हिरडीवर अवलंबून असते, हा धडा या तरुणाला जहाजावरच मिळाला असावा.

आरमार सोडल्यानंतर त्यांनी आंजे या शहरात सुमारे दोन दशके व्यवसाय केला. त्या काळी विद्यापीठात शिकलेल्या वैद्याला दात उपटणे कमीपणाचे वाटे. ते काम न्हावी, सोनार आणि जत्रेतील भोंदू यांच्याकडे असे. ज्यांना थोडेफार येत होते, ते आपली विद्या मुलाला किंवा जावयालाच देत. दंतरोगांवर सलग, व्यवस्थित ग्रंथ नव्हता, की विद्या शिकविणारी शाळा नव्हती. फोशार यांनी स्वतःला शल्यचिकित्सक दंतवैद्य म्हणवून घेतले, ते या पार्श्वभूमीवर. या बिरुदात अहंकारापेक्षा मागणीच अधिक होती. दात हा शरीराचाच अवयव आहे आणि त्याच्या रोगांवरील उपचार शास्त्र शिकलेल्यानेच करावेत, ही ती मागणी.

१७१९ च्या सुमारास ते पॅरिसला आले. चार वर्षांत सहाशेहून अधिक पानांचे हस्तलिखित तयार झाले. मात्र ते लगेच छापखान्यात न धाडता त्यांनी पॅरिसमधील मान्यवर वैद्य व शल्यवैद्यांना वाचावयास दिले आणि त्यांच्या सूचना मागवल्या. यात आणखी पाच वर्षे गेली. अखेर १७२८ मध्ये 'ल शिरुर्जियां दांतिस्त' हा ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध झाला. रोगांची लक्षणे, उपचार, हत्यारांच्या आकृत्या आणि प्रत्यक्ष रोग्यांच्या हकिकती त्यात होत्या. ज्या युक्त्यांवर इतर व्यावसायिकांची घरे चालत होती, त्या कोणत्याही वाचकाला आता विकत मिळू लागल्या. त्या काळाचा विचार करता हे धाडस त्यांच्या कोणत्याही शस्त्रक्रियेपेक्षा मोठे म्हणावे लागेल. १७३३ मध्ये ग्रंथाचा जर्मन अनुवादही निघाला.

दात किडण्यामागे दातात शिरलेले किडे असतात, ही समजूत तेव्हा जगभर होती. मराठीत आजही दाताला 'कीड' लागते ती या समजुतीमुळेच. आपल्याकडे रिंगणीच्या बियांची धुरी देत, तर युरोपात खुरासनी ओव्याच्या बियांची. गंमत अशी, की उष्णतेने या ओव्याच्या बिया फुटून त्यांतील बारीक अंकुर बाहेर पडत आणि तेच दातातून पडलेले किडे म्हणून रोग्याला दाखवले जात. फोशार यांनी किडलेले दात सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि आपल्याला किडे आढळले नाहीत, असे नोंदवले. साखर व गोड पदार्थ दातांची हानी करतात, हेही त्यांनी निक्षून सांगितले. साखरेवर जगणारे जिवाणू आम्ल तयार करतात व ते आम्ल दात पोखरते, ही उपपत्ती विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये मांडली. म्हणजे तोंडात सूक्ष्म जीव होतेच, फक्त लोक ज्यांना शोधत होते ते नव्हेत.

किडलेला भाग खरवडून काढून ती पोकळी शिसे, कथील किंवा सोन्याच्या पत्र्याने भरावी, असे त्यांचे तंत्र होते. ठणका कमी करण्यासाठी ते लवंगेच्या व दालचिनीच्या तेलाचा बोळा वापरीत. दात उपटणे हा त्यांच्या लेखी शेवटचा उपाय होता. रोग्याला जमिनीवर बसवून त्याचे डोके गुडघ्यांत दाबून धरण्याची रीत त्यांनी त्याज्य ठरवली आणि त्याला आरामखुर्चीत बसवावे, असा आग्रह धरला. वेड्यावाकड्या दातांना सोन्या-चांदीच्या पट्टीने व धाग्याने ओळीत आणण्याची पद्धतही त्यांनी वर्णिली आहे. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती, हे विसरता येत नाही.

त्यांचे सर्वच उपचार आज पटतील असे नाहीत. सकाळी स्वतःच्या ताज्या मूत्राने चूळ भरण्याचा सल्ला त्यांनी गंभीरपणे दिला होता. त्याहून अस्वस्थ करणारी हकिकत एका कप्तानाची आहे. कप्तानाचा दुखरा सुळा काढून त्या जागी त्याच्याच तुकडीतील शिपायाचा दात बसवण्यात आला. तो मोठा असल्याने तासावा लागला. पुढे या कप्तानाच्या दाताचे काय झाले याची नोंद ग्रंथात आहे, दात देणाऱ्या शिपायाला मात्र त्यात नावही नाही. अठराव्या शतकात पुढे युरोपातील श्रीमंतांनी गरिबांचे दात विकत घेण्याची जी प्रथा पडली, तिची चाहूल येथे लागते.

फोशार यांचे सर्वांत दूरदृष्टीचे काम मात्र हिरड्यांविषयीचे आहे आणि त्याची चर्चा तुलनेने कमी होते. १७४६ मध्ये ग्रंथाची दुसरी, सुधारलेली आवृत्ती आली. तीत त्यांनी एका रोगाचे वर्णन केले. त्यात दात किडलेला नसतो आणि रोगी एरवी ठणठणीत असतो. तरीही हिरडी दाबली असता पू येतो, दात हलू लागतो आणि एक दिवस गळून पडतो. त्यांनी याला स्कर्व्हीचाच एक प्रकार म्हटले, पण तो केवळ हिरड्या व दातांच्या खोबणीपुरता मर्यादित असतो, हे स्पष्टपणे नोंदवले. हाच आजचा पायोरिया. दीर्घकाळ तो फोशार यांच्या नावाने ओळखला जाई. दातांच्या मुळाशी साचणारे कीटण हिरडीला मागे रेटते, असे त्यांचे निरीक्षण होते. ते खरवडून काढण्यासाठी त्यांनी वेगवेगळ्या आकारांची पाच हत्यारे सांगितली. एका बैठकीत काम उरकले नाही तर रोग्याला पुन्हा बोलवावे, पण कीटण शिल्लक ठेवू नये, हा त्यांचा कटाक्ष होता. आजही दंतवैद्य हिरड्यांच्या या रोगात प्रथम हेच करतात. जिवाणूंचे ज्ञान नसताना, केवळ डोळे व बोटे यांच्या बळावर ते येथवर पोहोचले होते.

या व्यवसायाने त्यांना संपत्ती दिली. १७३४ मध्ये त्यांनी पॅरिसजवळील ग्रां मेनिल ही गढी विकत घेतली. त्यांचा मुलगा जाँ बातिस्त मात्र दंतवैद्य झाला नाही. तो रंगभूमीवर गेला आणि गढीचेच नाव लावून कॉमेदी फ्रांसेझचा नामांकित नट झाला.

मार्च १७६१ मध्ये पॅरिस येथे फोशार यांचे निधन झाले. त्यांच्या ग्रंथाच्या इंग्रजी अनुवादाला मात्र १९४६ हे वर्ष उजाडावे लागले. तो केला लिलियन लिंडसे यांनी. स्त्री म्हणून लंडनमध्ये प्रवेश नाकारला गेल्याने त्यांनी एडिंबरा येथे शिक्षण घेतले आणि १८९५ मध्ये त्या ब्रिटनमधील पहिल्या पदवीधारक महिला दंतवैद्य ठरल्या होत्या.