कॅरेन विन फॉनस्टॅड

कॅरेन विन फॉनस्टॅड (१८ एप्रिल १९४५ – ११ मार्च २००५) या कल्पित प्रदेशांचे शास्त्रशुद्ध नकाशे रेखाटणाऱ्या अमेरिकन मानचित्रकार होत्या.

जीवन

त्यांचा जन्म ओक्लाहोमा सिटी येथे झाला. ओक्लाहोमा विद्यापीठात भूगोलाचे पदव्युत्तर शिक्षण घेताना त्यांनी मानचित्रशास्त्राचा विशेष अभ्यास केला. पुढे त्या विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथे स्थायिक झाल्या. तेथील नगर परिषदेतही त्यांनी काम केले. कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

कार्य

१९८१ मध्ये 'द ॲटलास ऑफ मिडल-अर्थ' प्रसिद्ध झाला. जे.आर.आर. टॉल्किन यांच्या कथांतील प्रत्येक भौगोलिक उल्लेख तपासून फॉनस्टॅड यांनी भूरूपे, हवामान, वनस्पती व भाषा यांचे स्वतंत्र नकाशे तयार केले. पात्रांचा प्रवास त्यांनी दिवसागणिक मुक्कामांसह दाखवला, तर युद्धे व किल्ले आराखड्यांतून उलगडले. मूळ लेखनात जेथे तपशील अपुरे होते, तेथे त्यांनी भूगोलाच्या नियमांवरून तर्क केला. टॉल्किन यांचे अप्रकाशित लेखन उजेडात आल्यावर १९९१ मध्ये त्यांनी या ग्रंथाची सुधारित आवृत्ती काढली.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिकाभिनय खेळातील ड्रॅगनलान्स (१९८७) व फरगॉटन रेल्म्स (१९९०) या जगांचेही नकाशासंग्रह त्यांनी केले. अशा खेळांत अंतर, वाट व अडथळे यांवरच खेळाडूंचे निर्णय अवलंबून असतात. त्यामुळे तेथे नकाशा ही केवळ सजावट राहत नाही. अनेक लेखकांच्या कथांतून आकारलेल्या या प्रदेशांना फॉनस्टॅड यांनी सुसंगत भूगोल दिला.