डेट्रॉईटचे डॉक्टर कूली

ट्रॉयहून आय-७५ ने दक्षिणेकडे निघालं की साधारण अर्ध्या तासात डेट्रॉईटचं चिल्ड्रन्स हॉस्पिटल लागतं. शंभर वर्षांपूर्वी तिथे डॉक्टर थॉमस कूली मुलांना तपासायचे.

कूली मिशिगनचेच. त्यांचा जन्म १८७१ साली अ‍ॅन आर्बरला झाला. वडील मोठे न्यायाधीश होते. लॅन्सिंगच्या कूली लॉ स्कूलला त्यांचंच नाव आहे. (वडील आणि मुलगा, दोघेही थॉमस! माहिती शोधताना माझा चांगलाच गोंधळ उडाला.) थॉमस मात्र कायद्याकडे न जाता १८९५ साली डॉक्टर झाले. पुढे ते डेट्रॉईटला आले. त्या काळी खराब दुधामुळे तान्ही बाळं जुलाबाने दगावायची. म्हणून बाळांना चांगलं दूध पुरवणाऱ्या संस्थेचं काम त्यांनी पाहिलं. पहिल्या महायुद्धात ते रेड क्रॉसतर्फे फ्रान्सला गेले. १९२१ पासून वीस वर्षं ते चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये प्रमुख होते.

डेट्रॉईटमध्ये तेव्हा मोटारींचे कारखाने जोरात चालू होते. कामासाठी देशोदेशीची कुटुंबं तिथे येत होती. इटली आणि ग्रीसहून आलेल्या घरांतली काही मुलं कूलींकडे यायची. ती फिकट दिसायची, लवकर दमायची. त्यांचं पोट पुढे आलेलं असायचं, कारण आतली प्लीहा सुजलेली असायची. गालांची हाडंही वर आलेली. त्या काळी अशा बऱ्याच आजारांना डॉक्टर एकच नाव देऊन मोकळे व्हायचे. कूलींनी एक्स-रे नीट पाहिले, रक्त तपासलं आणि ठरवलं की हा आजार वेगळा आहे. १९२५ साली डॉक्टर पर्ल ली यांच्यासोबत त्यांनी तो इतर डॉक्टरांसमोर मांडला.

लोक त्याला कूलींचं नाव देऊ लागले. त्यांना स्वतःला ते आवडत नसे. १९३२ साली दुसऱ्या डॉक्टरांनी थॅलॅसेमिया हे नाव काढलं. ग्रीक भाषेत थॅलासा म्हणजे समुद्र. हे नाव जरा फसवं आहे. आजार फक्त भूमध्य समुद्राजवळ नाही, भारतातही आहे. मुंबईजवळच्या उल्हासनगरात सिंधी कुटुंबं खूप आहेत, आणि सिंधी समाजात हा आजार जास्त आढळतो. मराठी घरांतही तो असतो. आई आणि बाबा दोघेही वाहक असले, तर प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक माणूस मात्र ठणठणीत असतो, म्हणून रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

अपघातात किंवा ऑपरेशनमध्ये रक्त गेलं, तर बहुतेक वेळा तेवढ्यापुरतंच रक्त चढवतात. कॅन्सरच्या मुलांना उपचार चालू असताना रक्त लागतं, प्लेटलेट्सही लागतात. थॅलॅसेमिया मेजर झालेल्या मुलाचं शरीर मात्र चांगल्या लाल पेशी पुरेशा बनवूच शकत नाही. त्याला दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, बहुतेकांना जन्मभर. त्या रक्तातलं लोह शरीरात साठतं आणि हृदय, यकृत बिघडवतं. म्हणून लोह बाहेर काढायचं औषधही घ्यावं लागतं.

कूलींच्या हातात यातलं फारसं काही नव्हतं. शिकागोची ब्लड बँक निघाली १९३७ साली, आणि लोह काढणारं औषध तर त्यांच्या मृत्यूनंतर आलं. आजार ओळखायचा, आईवडिलांना सांगायचं, आणि मूल हळूहळू खंगताना बघायचं. किती अवघड गेलं असेल ते! १९४५ साली कूली वारले.

आज अशी मुलं मोठी होतात, कॉलेजला जातात, नोकरी करतात. मोठ्या माणसाला एका वेळी दोन पिशव्याही लागतात. इथे अमेरिकेत रक्त देणाऱ्याला पुन्हा रक्त द्यायला ५६ दिवस थांबावं लागतं. म्हणजे एका रुग्णासाठी वर्षभरात किती जणांनी रक्त द्यायला हवं, ते तुम्हीच मोजून बघा.