विश्लेषण : नाण्याची झीज हेच घड्याळ! पूर्व खानदेशातील आहत नाणी आणि दामोदर कोसंबी

नाणे झिजले की त्याचा भाव उतरतो, हा बाजाराचा नियम. संग्राहकाला कोरे करकरीत नाणे हवे असते आणि सराफ झिजलेले नाणे वितळवायला काढतो. पुण्यातील एका गणिताच्या प्राध्यापकाने मात्र या झिजेतच इतिहास शोधला. चांदीची दोन हजार वर्षांहून जुनी नाणी सूक्ष्म तराजूवर तोलून त्यांचा आगेमागे क्रम लावता येतो, हे त्यांनी संख्याशास्त्राच्या आधारे मांडले. त्यांनी अभ्यासलेल्या साठ्यांपैकी एक पूर्व खानदेशातील, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्याच्या परिसरातील होता. हे प्राध्यापक म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. त्यांचे जीवन आणि त्यांची ही पद्धत समजून घेऊ.

दामोदर कोसंबी कोण होते?

कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे ख्यातनाम अभ्यासक. त्यांच्या कामानिमित्त १९१८ मध्ये मुलगाही अमेरिकेला गेला. केंब्रिज या गावी शालेय शिक्षण झाल्यावर दामोदर यांनी हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळवली. परतल्यावर आधी बनारस हिंदू विद्यापीठात आणि नंतर अलिगढ मुस्लीम विद्यापीठात त्यांनी गणित शिकवले. १९३३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. याच महाविद्यालयात त्यांच्या वडिलांनी पूर्वी पाली शिकवली होती. दामोदर तेथे सुमारे १२ वर्षे राहिले आणि नाण्यांच्या कामाची सुरुवातही याच काळात झाली.

गणितज्ञ नाण्यांकडे कसा वळला?

कारण इतिहासाचे नव्हते, संख्याशास्त्राचे होते. हे शास्त्र केवळ पुस्तकातून शिकण्यापेक्षा प्रत्यक्ष प्रश्नावर चालवून पाहावे, असे कोसंबींना वाटत होते. त्यासाठी एकाच प्रकारच्या, मोठ्या संख्येने उपलब्ध आणि मोजता येण्याजोग्या वस्तू हव्या होत्या. नाणी या अटीत बसत होती. एकाच टांकसाळीतून एकाच वर्षी निघालेली दोन नाणीही अगदी सारख्या वजनाची नसतात. पुढे ती हातोहाती फिरतात, थैलीत एकमेकांवर घासतात आणि प्रत्येक व्यवहारात धातूचा अतिसूक्ष्म कण गमावतात. एका नाण्याचे पुढे काय होईल, हे सांगता येत नाही. हजारो नाण्यांचे मिळून काय होईल, हे मात्र सांगता येते.

हे तपासण्यासाठी त्यांनी आधी स्वतःच्याच काळात चलनात असलेली नाणी तोलली. त्यातून दोन गोष्टी दिसल्या. नाणे जितकी अधिक वर्षे फिरलेले, तितके त्या वर्षाच्या नाण्यांचे सरासरी वजन कमी. त्याचबरोबर नाण्यानाण्यातील वजनाचा फरकही वाढत जातो, कारण काही नाणी खूप फिरतात, काही पेटीत पडून राहतात. चलनात फिरण्याचा नाण्याच्या वजनावर होणारा परिणाम सांगणारा त्यांचा लेख १९४२ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

आहत नाणी म्हणजे काय?

आहत म्हणजे ठोकलेले. भारतातील सर्वांत जुन्या नाण्यांत यांची गणना होते. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापायचे, कोपरे छाटून वजन जुळवायचे आणि मग छोट्या ठशांनी त्यावर एकेक चिन्ह ठोकायचे, अशी ती घडत. त्यामुळे नाणे चौकोनी, गोलसर किंवा वेडेवाकडे असे. नेहमीच्या कार्षापणाचे प्रमाण वजन ३२ गुंजा, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आत-बाहेर. त्यावर राजाचे नाव नाही, मुखवटा नाही, सालही नाही. दर्शनी बाजूला बहुधा पाच चिन्हे असतात. सूर्य, सहा आऱ्यांचे चिन्ह, डोंगर, हत्ती, बैल, कुंपणातील झाड अशी ती असतात. मागच्या बाजूला काही वेळा आणखी लहान खुणा दिसतात.

मग साल कसे ठरवायचे, हा नाणेशास्त्रातील जुना पेच होता. अनेक अभ्यासक चिन्हांचा अर्थ लावण्यात गुंतले होते. कोसंबींनी चिन्हांचा उपयोग नाण्यांचे गट पाडण्यासाठी केला आणि काळाचा प्रश्न तराजूवर सोपवला.

झिजलेली खूण वाचायची कशी?

हे काम वाटते तितके सोपे नाही. ठसा अनेकदा कडेला पडलेला असतो, त्यामुळे चिन्हाचा अर्धाच भाग उमटतो. एका चिन्हावर दुसरे चिन्ह बसते. त्यात शेकडो वर्षांची झीज आणि जमिनीत चढलेला थर. अशा एकाच नाण्यावरून निष्कर्ष काढला तर अर्धे उमटलेले जुने चिन्ह नवा आणि दुर्मीळ प्रकार वाटू शकते. एकाच गटातील अनेक नाणी शेजारी ठेवली की एकावर राहिलेला भाग दुसऱ्यावर सापडतो आणि पूर्ण चिन्ह जुळवता येते.

आजही जुनी नाणी तपासताना हाच भेद आधी करावा लागतो. टांकसाळीत झालेली चूक वेगळी आणि टांकसाळीबाहेर झालेली झीज वेगळी. ठसा सरकला, दोनदा बसला किंवा चकती कमी वजनाची कापली गेली, तर तो जन्मजात दोष. अक्षरे पुसली, कड गुळगुळीत झाली, तर तो वापराचा परिणाम. एका नाण्यापुरता हा भेद डोळ्यांनी करावा लागतो. कोसंबींनी तो संपूर्ण गटासाठी आकड्यांनी केला.

तराजूने काळ कसा सांगितला?

तक्षशिलेच्या भीर टेकडीवर १९२४ मध्ये हजाराहून अधिक चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला होता. त्यात अलेक्झांडरची आणि त्याच्यानंतर गादीवर आलेल्या फिलिपचे अशी जवळपास न झिजलेली नाणीही होती. त्यामुळे तो ठेवा इसवीसनपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस जमिनीत गेला असावा, असा अंदाज बांधता आला. या नाण्यांची ई. एच. सी. वॉल्श यांनी केलेली तपशीलवार नोंद पुरातत्त्व खात्याने १९३९ मध्ये प्रसिद्ध केली. प्रत्येक नाण्याचे वजन आणि खुणा त्यात होत्या. कोसंबींना हवा होता तो कच्चा माल हाच.

त्यांनी नाणी मागच्या खुणांच्या संख्येनुसार लावली. एकही खूण नसलेली, एक असलेली, दोन असलेली, याप्रमाणे. खुणा वाढत गेल्या तसे सरासरी वजन एका संथ उतरणीने घटत गेले. याचा अर्थ त्यांनी असा लावला, की या खुणा टांकसाळीच्या नव्हत्या. चलनात फिरणारे नाणे ठरावीक काळाने तपासून व्यापारी किंवा सराफ त्यावर आपली खूण ठोकत असावेत. म्हणजे मागची प्रत्येक खूण ही नाण्याच्या वयाची नोंद ठरली.

पुढची पायरी गटांची. समजा, एकाच ठेव्यात ‘अ’ आणि ‘ब’ असे वेगळ्या चिन्हांचे दोन गट आहेत. दोन्ही एकाच प्रमाण वजनाने आणि सारख्या धातूने घडवले होते. ठेवा पुरला गेला त्या दिवशी दोन्ही गटांचे फिरणे एकदमच थांबले. अशा वेळी ज्या गटाचे सरासरी वजन कमी, तो गट अधिक काळ फिरलेला, म्हणजे आधी निघालेला. या रीतीने राजांची नावे माहीत नसतानाही नाण्यांचा क्रम लागतो.

यात पूर्व खानदेशचे स्थान काय?

खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचे मुख्यालय जळगाव, पश्चिमेचे धुळे. १९६० नंतर जिल्ह्यांनाही हीच नावे मिळाली. हा प्रदेश उत्तर आणि दक्षिण भारत यांच्यामधला उंबरठा आहे. उज्जैन-महेश्वरकडून पैठणकडे जाणारी प्राचीन वाट तापी ओलांडून, अजिंठ्याचे डोंगर चढून जात असे. गिरणाकाठचे बहाळ आणि तापीकाठचे प्रकाशे येथील उत्खननांतूनही या खोऱ्यातील वस्ती फार जुनी असल्याचे दिसले आहे.

मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात चाळीसच्या दशकात कोसंबींनी चांदीच्या आहत नाण्यांवर लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच पूर्व खानदेशातील ठेव्याचा विशेष उल्लेख आहे. एकाच ठिकाणच्या नाण्यांवर उभारलेली पद्धत दुसरीकडे टिकते का, हे पाहणे गरजेचे होते. पुढे त्यांनी तमिळ प्रदेशातील बोडिनायकनूर आणि उत्तर प्रदेशातील पैला येथील ठेवेही अभ्यासले. वायव्येच्या टोकापासून दक्षिणेपर्यंत पसरलेल्या या साखळीत खानदेश हा मधला दुवा आहे.

नाण्यांवरून इतिहासकार कसा घडला?

नाणी क्रमाने लागली, पण ती पाडली कोणी, हा प्रश्न उरलाच. त्याच्या शोधात कोसंबी पुराणांकडे, बौद्ध आणि जैन ग्रंथांकडे व कौटिलीय अर्थशास्त्राकडे वळले. अर्थशास्त्रात टांकसाळीचा प्रमुख आणि नाणी पारखणारा ‘रूपदर्शक’ असे अधिकारी आहेत. चांदीच्या नाण्यात चौथा हिस्सा तांबे घालावे, असे प्रमाणही दिले आहे. मौर्य काळातील नंतरच्या नाण्यांत तांब्याची भेसळ वाढलेली आणि वजनावरचे नियंत्रण सैल झालेले दिसते. कोसंबींनी त्याचा संबंध राज्याच्या तिजोरीवर पडलेल्या ताणाशी जोडला.

जुने ग्रंथ वाचता वाचता त्यांचा संस्कृतचा अभ्यास पक्का झाला. भर्तृहरीच्या सुभाषितांची त्यांनी केलेली चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये निघाली. १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा त्यांचा गाजलेला ग्रंथ आला. राजांच्या वंशावळींऐवजी उत्पादनाची साधने, शेती, व्यापार आणि समाजरचना यांतून इतिहास पाहण्याची दिशा त्याने दिली.

गणित सुटले नव्हतेच. जनुकांमधील अंतर मोजण्याचे त्यांनी १९४४ मध्ये मांडलेले सूत्र आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. पुढे होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले आणि डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई ये-जा करू लागले. शांतता चळवळीत ते सक्रिय होते. अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जा भारताला अधिक योग्य, असे ते जाहीरपणे मांडत. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. फेब्रुवारी १९६६ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ने त्यांचा शास्त्रीय नाणेशास्त्रावरील लेख छापला. त्यानंतर काही महिन्यांतच, २९ जून १९६६ रोजी, वयाच्या ५८व्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. नाण्यांवरील त्यांचे लेख १९८१ मध्ये ग्रंथरूपाने एकत्र आले. भारतीय टपाल खात्याने २००८ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले.

या पद्धतीला मर्यादा नाहीत का?

आहेत. सर्व गट मुळात सारख्या वजनाचे आणि सारख्या धातूचे होते, हे गृहीत धरावे लागते. तांबे अधिक असेल तर झीज आणि गंज दोन्हींचा हिशेब बदलतो. गर्दीच्या बाजारपेठेत नाणे लवकर झिजते, आडबाजूला उशिरा. म्हणून एका ठेव्यातील वजनाची दुसऱ्या ठेव्याशी थेट तुलना करता येत नाही. विशिष्ट चिन्हे विशिष्ट राजांची म्हणून ओळखण्याचा कोसंबींचा प्रयत्न तर वादाचाच राहिला. मात्र ठेव्यातील प्रत्येक नाणे तोलावे, खुणा मोजाव्यात आणि सगळे आकडे प्रसिद्ध करावेत, ही शिस्त टिकली.

आज याचा संबंध कोणाशी?

नांगरताना किंवा पाया खोदताना मडके लागणाऱ्या प्रत्येकाशी. कोसंबींची पद्धत एका नाण्यावर चालत नाही, तिला अख्खा ठेवा लागतो. दहा घरांत वाटलेली, सोनाराकडे वितळवलेली किंवा चकाकीसाठी चिंच-लिंबाने घासलेली नाणी कालक्रमासाठी निरुपयोगी ठरतात. घासताना निघून जाणारा थर हाच पुरावा असतो आणि वजन एकदा बिघडले की ते परत मिळत नाही.

कायदाही हेच सांगतो. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास त्याची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. दुसरीकडे, जुन्या नाण्यांना लाखोंचा भाव देण्याच्या जाहिराती समाजमाध्यमांवर फिरत असतात. अशा व्यवहारांसाठी आपले नाव वापरून शुल्क उकळले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. असे व्यवहार बँक करत नाही आणि त्यासाठी कोणाला अधिकारही दिलेला नाही, असे तिने स्पष्ट केले होते.

शेतात नाणी सापडलीच तर ती न धुता, न वाटता, ज्या भांड्यात मिळाली त्या भांड्यासह तहसील कार्यालयाला कळवावे. पूर्व खानदेशातील ठेव्याचा अभ्यास होऊ शकला, कारण त्यातील नाणी अभ्यासकाच्या तराजूपर्यंत एकत्र पोहोचली.