गाळाचा हिशोब ठेवणारा गिल्बर्ट आणि हिशोबातून सुटलेला पारा

सॅन होजे म्हटलं की आपल्याला सिलिकॉन व्हॅली आठवते. आपल्यापैकी कितीतरी जणांचा एखादा दादा किंवा ताई तिथे कोड लिहीत असते. याच शहराच्या दक्षिणेला न्यू अल्माडेन नावाची एक जुनी खाण आहे. तिथून पारा निघायचा. १८४० च्या दशकात सुरू झालेली ही खाण उत्तर अमेरिकेत पाऱ्याची सर्वात मोठी खाण ठरली. तिथला पारा सिएरा नेवाडा डोंगरांत सोनं काढायला जायचा आणि त्यातला बराचसा तिकडेच हरवायचा. दीडशे वर्षांनंतर तो पारा आता धरणांच्या तळाशी सापडतोय आणि तो बाहेर कसा काढायचा यावर इंजिनिअर डोकं लावतायत.

पण डोंगरात सांडलेला पारा नेमका कुठे गेला असेल? या प्रश्नाचं उत्तर शोधताना आजचे लोक एका माणसाच्या कामापासून सुरुवात करतात. त्याचं नाव ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट. भूगर्भशास्त्र शिकणाऱ्यांना हे नाव माहीत असतं. आज त्याची गोष्ट बघू.

आधी हे समजून घ्या: सोनं काढायला पारा कशाला?

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं. सुरुवातीला नदीच्या वाळूतच कण मिळायचे. ते संपल्यावर लोकांची नजर डोंगरातल्या जुन्या, गाडल्या गेलेल्या नद्यांच्या खडीकडे गेली. १८५३ मध्ये नेवाडा सिटीजवळ एडवर्ड मॅटेसनने पाण्याचा फवारा मारून डोंगर पाडायची पद्धत वापरली. हेच हायड्रॉलिक मायनिंग. पुढे त्यासाठी तोफेसारखे दिसणारे मोठे लोखंडी नोझल आले. त्यांच्या पाण्याच्या माऱ्याने अख्खे कडे कोसळायचे.

हा सगळा चिखल लाकडी पन्हळींमधून सोडत. पन्हळीच्या तळाला आडव्या पट्ट्या असायच्या आणि त्यांच्यात पारा ओतलेला असायचा. साधी वाळू पाण्याच्या सुमारे २.६५ पट जड, पारा १३.६ पट आणि सोनं १९.३ पट. वाळू पाऱ्यावरून वाहून जाते, सोनं मात्र खाली बसतं आणि पाऱ्यात मिसळून त्याचा मऊ गोळा बनतो. तो गोळा तापवला की पारा वाफ होऊन उडतो आणि सोनं उरतं.

ऐकायला भारी वाटतं ना? प्रॉब्लेम असा होता की खडी आपटून पाऱ्याचे बारीक बारीक थेंब व्हायचे आणि ते पाण्याबरोबर निघून जायचे. एका हंगामात पन्हळीतला १० ते ३० टक्के पारा असा जायचा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या अंदाजानुसार कॅलिफोर्नियात सोन्यासाठी एकूण सुमारे १२,००० टन पारा वापरला गेला. त्यातला सुमारे ४,५०० टन अशा नदी-खडीच्या खाणकामात पर्यावरणात हरवला. यातला बहुतेक सिएरा नेवाडामध्येच.

रॉचेस्टरचा शांत मुलगा

गिल्बर्टचा जन्म ६ मे १८४३ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरातला. वडील चित्रकार, माणसांची पोर्ट्रेट काढायचे. घरी पैसा बेताचा. मुलगा १८६२ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातून पदवीधर झाला, थोडे दिवस मिशिगनमध्ये शाळामास्तर झाला, पण ते काही जमलं नाही. मग रॉचेस्टरलाच हेन्री वॉर्ड यांच्याकडे नोकरी लागली. तिथे संग्रहालयांसाठी दगड, जीवाश्म आणि सांगाडे तयार करून विकायचे. या वस्तू वर्षानुवर्षं हाताळताना भूगर्भशास्त्र त्याच्या डोक्यात भिनलं.

१८६९ मध्ये तो ओहायोच्या सर्वेक्षणात मदतनीस म्हणून लागला. १८७१ मध्ये लष्कराच्या व्हीलर सर्वेक्षणाबरोबर पश्चिमेच्या वाळवंटात गेला. पुढे जॉन वेस्ली पॉवेल यांच्या टीममध्ये आला. युटामधल्या हेन्री पर्वतांवरचा त्याचा १८७७ चा अहवाल नद्या जमीन कशी कोरतात हे समजावणारा पायाभूत ग्रंथ मानला जातो. १८७९ मध्ये सरकारी भूगर्भ सर्वेक्षण विभाग सुरू झाला, त्याच्या पहिल्या फळीत गिल्बर्ट होता.

त्याची काम करायची पद्धत साधी होती: मोजायचं आणि मग जमा-खर्च जुळतो का ते बघायचं. युटामध्ये फार पूर्वी बॉनव्हिल नावाचं प्रचंड सरोवर होतं. ते आटलं. त्याच्या जुन्या किनाऱ्याच्या खुणा आज एका पातळीत नाहीत, मध्यभागी त्या उंच आहेत. गिल्बर्टने त्या मोजल्या आणि सांगितलं की पाण्याचं ओझं गेल्यावर खालची जमीन वर उचलली गेली.

एकदा चुकला, एकदा बरोबर

१८९१ मध्ये तो ॲरिझोनातलं एक भलंमोठं विवर बघायला गेला. प्रश्न होता की ते उल्केने झालं की जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाने? त्याने दोन टेस्ट ठरवल्या. खाली लोखंडाची उल्का असेल तर चुंबकसूचीत फरक दिसेल. आणि ती आत गाडली गेली असेल, तर कडेला उधळलेला माल खड्ड्यात मावणार नाही, जास्त भरेल. चुंबकसूची हलली नाही, आणि माल खड्ड्याएवढाच भरला. म्हणून त्याने वाफेचा स्फोट असा निकाल दिला. निकाल चुकला. उल्केचा बराचसा भाग धडकेतच नष्ट होतो हे तेव्हा कळलेलं नव्हतं.

गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी त्याने कित्येक रात्री दुर्बिणीतून चंद्र बघितला आणि चंद्रावरची विवरं धडकेने झाली असं मांडलं. ते बरोबर निघालं. तेव्हा मात्र सरकारी पगारावर माणूस चंद्र बघत बसतो म्हणून अमेरिकी संसदेत या विभागाची टिंगल झाली होती!

खड्ड्यातून किती माल निघाला आणि तो कुठे गेला, हा ॲरिझोनातला प्रश्न लक्षात ठेवा. कॅलिफोर्नियात त्याने हाच प्रश्न अख्ख्या डोंगररांगेला विचारला.

खाणवाले विरुद्ध शेतकरी

हायड्रॉलिक खाणींतला गाळ नद्यांतून खाली सपाटीवर आला. मेरीसव्हिल गावाजवळ युबा नदीचं पात्र इतकं भरलं की ते गावच्या रस्त्यांपेक्षा उंच झालं. बांध घालायचे, पूर यायचा, बांध फुटायचे, शेतं खडीखाली जायची. शेवटी शेतकरी कोर्टात गेले. ७ जानेवारी १८८४ रोजी न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी नदीत गाळ सोडायला मनाई केली आणि मोठ्या खाणी बसल्या.

खाणवाल्यांनी आशा सोडली नव्हती. त्यांच्या संघटनेने राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडे अभ्यासाची मागणी केली, आणि १९०५ मध्ये हे काम साठी ओलांडलेल्या गिल्बर्टकडे आलं. एका बाजूला खाणी पुन्हा सुरू व्हाव्यात असं वाटणारे, दुसऱ्या बाजूला गाळात शेत गेलेले. मधे हा माणूस, हातात मोजपट्टी घेऊन.

कामाच्या सुरुवातीलाच, १९०६ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोचा मोठा भूकंप झाला. गिल्बर्ट तेव्हा पलीकडे बर्कलीत होता. भूकंपाच्या चौकशी आयोगावर त्याला घेतलं. अडीच मीटरच्या आसपास बाजूला सरकलेल्या कुंपणाचा त्याने काढलेला फोटो आजही पुस्तकांत दिसतो.

लाकडी पन्हळीत नदी

वाहतं पाणी किती गाळ वाहून नेतं, हे नीट कोणी मोजलेलं नव्हतं. मग त्याने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या आवारात लाकडी पन्हळी उभारून नदीच प्रयोगशाळेत आणली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: उतार, पाण्याचा प्रवाह किंवा वाळूच्या कणाचा आकार. बाकी सगळं तसंच ठेवायचं. आपण डीबग करताना एका वेळी एकच ओळ बदलतो, अगदी तसं. मदतीला एडवर्ड चार्ल्स मर्फी होते. मधेच गिल्बर्टची तब्येत ढासळली, तेव्हा प्रयोग मर्फी यांनी पुढे नेले. १९१४ मध्ये आलेला हा डेटा नदी-अभियांत्रिकीत पुढे अनेक दशकं वापरला गेला.

१९१७ चा हिशोब

मुख्य अहवाल १९१७ मध्ये आला. गिल्बर्टने काही खाणींचे खड्डे स्वतः मोजून आधीचे अंदाज तपासले होते. एकूण आकडा निघाला दीड अब्ज घनयार्डच्या वर. बातम्यांत धरणाचा साठा ज्या टीएमसीत सांगतात, त्यात हे ४० टीएमसीच्या आसपास जातं, आणि हे पाणी नाही, दगडमाती! पनामा कालव्यासाठी जेवढी खोदाई झाली त्याच्या जवळजवळ आठपट.

त्याने हा गाळ खाणीपासून समुद्रापर्यंत एकाच खात्यात मांडला. डोंगरात किती अडकला, नदीपात्रात किती, सपाटीवर किती, सॅन फ्रान्सिस्को खाडीत किती. गाळ नदीतून एखाद्या लाटेसारखा सरकतो, पात्र आधी वर चढतं आणि मग हळूहळू उतरतं, हेही त्याने दाखवलं. खाडीकाठच्या दलदली बांध घालून शेतीसाठी अडवल्या तर भरती-ओहोटीचं पाणी कमी होईल आणि बंदराचं तोंड उथळ होईल, असा इशाराही दिला. म्हणजे डोंगरातला धंदा आणि शंभर मैलांवरचं बंदर हे एकाच सिस्टिमचे भाग आहेत. आज हे सहज पटतं, तेव्हा असं मोजून दाखवणं नवीन होतं.

१ मे १९१८ रोजी मिशिगनमधल्या जॅक्सन गावात गिल्बर्ट वारला. पंचाहत्तरावा वाढदिवस पाच दिवसांवर होता.

सुटलेला रकाना

गिल्बर्टचा प्रश्न होता पूर, नौकावहन आणि शेती. पारा हे विष म्हणून त्याच्या प्रश्नात नव्हतं, आणि त्याचा दोष त्याला देता येत नाही. जपानमधल्या मिनामाताचा आजार उघड झाला १९५६ मध्ये. गाळातले सूक्ष्मजीव साध्या पाऱ्यापासून मिथिलमर्क्युरी बनवतात हे कळलं १९६० च्या दशकाच्या शेवटी. मिथिलमर्क्युरी आधी सूक्ष्म जीवांत, मग छोट्या माशांत, मग मोठ्या माशांत साठत जातं. पाणी पिण्यालायक असतं, पण तिथला मोठा मासा खाणं धोक्याचं होतं, विशेषतः गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी. सिएराच्या अनेक जलाशयांमधले मासे किती खावेत याच्या सरकारी सूचना आज याच कारणाने आहेत.

दुसरी गोष्ट, गाळाची लाट लवकर निघून जाईल ही गिल्बर्टची अपेक्षाही जास्त आशावादी ठरली. ॲलन जेम्स यांनी १९८० च्या दशकात बेअर नदीवर दाखवलं की खाणीचा बराच गाळ अजून दऱ्यांमध्येच पडून आहे. युबाच्या खोऱ्यावरच्या २०१३ च्या एका अभ्यासानुसार मोठ्या पुरांबरोबर हा पारा हजारो वर्षं खाली येत राहील.

मग पारा काढतात कसा?

याच बेअर नदीवर कॉम्बी नावाचा जलाशय आहे, धरण १९२८ चं. वरून येणारा गाळ तिथे साठतो आणि पाण्याची जागा खातो. गाळ उपसायचा तर तळ ढवळतो, पारा पाण्यात मिसळतो आणि खाली जातो. पूर्वी इथे वाळू-खडी उपसायचे. परत सोडलेल्या पाण्यात पारा सापडल्यावर ते काम थांबलं. न उपसावं तर धरण भरतं, उपसावं तर विष पसरतं.

धरण चालवणाऱ्या नेवाडा इरिगेशन डिस्ट्रिक्टने यावर वेगळी प्रोसेस आणली. गाळ पाण्यासकट पंपाने ओढायचा, चाळून खडी आणि वाळू वेगळी करायची, आणि उरलेला बारीक माल जोरात फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजमधून न्यायचा. पारा जड, म्हणून तो बाजूला पडतो. हे यंत्र मुळात सोन्याचे बारीक कण पकडायला बनवलेलं! पण सगळा पारा थेंबाच्या रूपात नसतो, बराचसा चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटलेला असतो. म्हणून ती माती आधी खाली बसवायची आणि मगच पाणी परत सोडायचं.

सॅन होजेजवळच्या अल्माडेन आणि शेजारच्या जलाशयांमध्ये वेगळा उपाय केलाय. तिथे तळाच्या पाण्यात ऑक्सिजन सोडतात. मिथिलमर्क्युरी बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना ऑक्सिजन नसलेली जागा लागते, त्यामुळे त्यांचं काम मंदावतं. पारा तिथेच राहतो, फक्त माशांत कमी जातो.

दोन्ही उपाय एकेका जलाशयापुरते आहेत. डोंगरात अडकलेला पारा अजून वरून येतोच आहे. म्हणून कुठे आधी उपसायचं हे ठरवायला गाळ कुठे किती आहे ते माहीत लागतं, आणि त्यासाठी लोक आजही १९१७ चा तो अहवाल उघडतात.

आणि पारा वापरून सोनं काढणं जगात थांबलेलं नाही. छोट्या खाणींमध्ये ते आजही चालतं, आणि हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वात मोठा मानवनिर्मित स्रोत तोच आहे. तुमच्या फोनच्या सर्किट बोर्डवरही सोन्याचा पातळ थर असतो. तो फोन खराब झाला की ड्रॉवरमध्ये टाकू नका किंवा भंगारवाल्याला देऊ नका, अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. तिथे त्यातलं सोनं परत मिळवता येतं, आणि तेवढं सोनं कोणाला नदीकाठी पारा ओतून काढावं लागत नाही.